चौल-रेवदंडा: बंदर पाहायचं तर ओहोटीची वेळ धरून या

तुम्ही लिहिलंय की मागच्या वर्षी अलिबागजवळच्या रेवदंड्याला, म्हणजे जुन्या चौल बंदराला, गेलात, किल्ल्याची वेस पाहिली, सातखणी मनोरा पाहिला, पुळणीवर तासभर बसलात आणि परत आलात. पडक्या भिंती आणि नारळ-पोफळी सोडून काही दिसलं नाही. ‘हे एवढं मोठं बंदर होतं म्हणतात, ते गेलं कुठे?’ हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा की डिसेंबरात आईवडील आणि सातवीतल्या मुलीला घेऊन दोन दिवस पुन्हा जायचंय, तर काय पाहावं आणि कशा क्रमाने.

गेली सव्वीस वर्षं मी कोकणातल्या जुन्या बंदरांवर अभ्याससहली नेतो. त्यात सर्वांत जास्त फेऱ्या चौलच्याच झाल्या आहेत, आणि तुमच्यासारखी निराशा मी पुष्कळांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असतं: माणसं किल्ल्यापासून सुरुवात करतात. चौल कळतं ते खाडीपासून. खाडी एकदा नीट पाहिली की किल्ला, मनोरा, रामेश्वर, कोर्लई, वाड्या, सगळं आपापल्या जागी बसतं.

म्हणून या वेळी रेवदंड्यात शिरल्यावर किल्ल्यात थांबू नका. सरळ खाडीकाठच्या धक्क्यावर जा. समोर कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तुम्ही उभे आहात तो उत्तर काठ. पलीकडे दक्षिणेला समुद्रात लांबवर घुसलेला डोंगर दिसतो, त्याच्या पाठीवर कोर्लईचा किल्ला आहे. पावसाळी नैर्ऋत्य वाऱ्याच्या वेळी हा डोंगर खाडीच्या तोंडाला आडोसा देतो. शिडाच्या जहाजाला एवढंच हवं असतं: वाऱ्यापासून आडोसा, आत शिरायला पाणी, प्यायला गोडं पाणी आणि माल घाटावर न्यायला वाट. चौलला या चारही गोष्टी एका जागी मिळाल्या. मागे रोहा, नागोठणे, पाली आणि तिथून घाट चढून जुन्नर, पुढे अहमदनगर. देशावरचा कापूस, कापड, धान्य खाली येणार आणि अरबस्तानातले घोडे वर जाणार. दीड हजार वर्षांहून जास्त काळ हा व्यवहार इथे चालला.

हा काळ मी उगाच फुगवून सांगत नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत कल्याणनंतरचं बंदर म्हणून ‘सेमिल्ला’ येतं, ते चौल. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या लेखांत ‘चेमुल’ हे नाव आहे. अरबांनी त्याला ‘सैमूर’ म्हटलं. अल-मसूदी हा प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास इथे आला तेव्हा शिलाहारांचा झंझ राजा राज्य करत होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे १० हजार मुसलमान या गावात राहतात, त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलाय, असं त्याने लिहून ठेवलंय. शिलाहारांच्या राज्यातलं हे एक बंदर, आणि त्यात एवढी परदेशी वस्ती स्वतःच्या कायद्याने नांदत होती. आजच्या चौलच्या रस्त्यावरून जाताना हा आकडा डोक्यात ठेवा.

आता खाडीच्या पाण्यात पाहा. डोल जाळी लावण्यासाठी कोळी लोक खाडीच्या तोंडाशी लाकडी खुंट रोवतात. भरती-ओहोटीच्या ओढीने पाणी जाळ्यातून वाहतं आणि मासळी आत अडकते. साधे खुंट. पण मार्च १५०८ मध्ये याच खाडीच्या तोंडाशी अशाच खुंटांनी एक लढाई फिरवली.

पोर्तुगीजांनी हिंदी महासागरातला व्यापार आपल्या मुठीत घ्यायला सुरुवात केली होती. त्याने इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं उत्पन्न बुडू लागलं, म्हणून त्याने अमीर हुसेनच्या हाताखाली आरमार पाठवलं. दीवचा सुभेदार मलिक अयाज त्याला येऊन मिळाला. चौलच्या खाडीत त्या वेळी पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा, लोरेन्सो द अल्मेदा, आपली जहाजं घेऊन होता. लढाई काही दिवस चालली. शेवटी निघून जाण्याच्या प्रयत्नात त्याचं जहाज ओढीबरोबर वाहत जाऊन मासेमारीच्या खुंटांत अडकलं. जहाजात पाणी भरत होतं, सुटता येईना. तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय गेला; तरी त्याने स्वतःला डोलकाठीपाशी बसवून घेतलं आणि तिथेच तो मेला, असं पोर्तुगीज बखरकार सांगतात. हिंदी महासागरातला पोर्तुगीजांचा हा पहिला मोठा पराभव. मुलाच्या मृत्यूचा सूड बापाने पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, दीवच्या लढाईत उगवला, आणि त्या लढाईने या समुद्रावर पोर्तुगीजांचा वरचष्मा पुढची शंभर वर्षं पक्का केला.

मुलीला ही गोष्ट धक्क्यावर उभं राहूनच सांगा, खुंट दाखवून. वर्गात वाचलेला इतिहास आणि समोरचं पाणी यांची गाठ पडते तो क्षण मी अनेक मुलांच्या डोळ्यांत पाहिलाय.

तिच्यासाठी आणखी एक माणूस आहे. अफनासी निकितिन नावाचा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी १४६९ च्या सुमारास होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचायच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. घोडा विकून नफा करायचा, एवढाच बेत. पायी पाली, मग घाट चढून जुन्नर. तिथल्या असदखानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, असं सांगितलं. एका खुरासानी सरदाराने मध्ये पडून घोडा सोडवला, आणि पावसाचे चार महिने तिथल्या चिखलात काढून निकितिन बिदरला गेला. परतीच्या वाटेवर आपलं गाव गाठण्याआधीच तो वारला, पण त्याची वही राहिली. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे, शाळेच्या आवारात. शाळेच्या वेळेत जाल तर आधी परवानगी विचारा.

आता किल्ल्याकडे वळू. इथे पहिला घोळ नावांचा होतो. चौल दोन होती. आत, उत्तरेला, जुनं गाव: मंदिरं, मशिदी, बाजार, विणकरांचे माग असलेलं. पोर्तुगीज कागदांत ते ‘वरचं चौल’. आणि समुद्र व खाडी यांच्या मधल्या जिभेवर पोर्तुगीजांनी वसवलेलं ते ‘खालचं चौल’, म्हणजे आजचं रेवदंडा. किनाऱ्यावर अशा जमिनीच्या जिभेला दांडा म्हणतात, आणि मला वाटतं नावात तोच दांडा आहे. १५१६ मध्ये पोर्तुगीजांना वखारीची परवानगी मिळाली, १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहाने किल्ला बांधू दिला, १५२४ पर्यंत तो उभा राहिला. निजामशाहाला त्यांच्याकडून घोडे हवे होते, त्यांना बंदर हवं होतं. दोन्ही गावं मैलभराच्या अंतरावर, दोन राज्यांत, आणि दोघांचं पोट एकाच खाडीवर. कधी व्यापार, कधी वेढा. १५७०-७१ चा मुर्तझा निजामशाहाचा वेढा कित्येक महिने चालला आणि फसला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने रेवदंड्याला वेढा घातला, तेव्हाही किल्ला पडला नाही. किल्ला मराठ्यांकडे आला तो वसई पडल्यानंतर, १७४० च्या तहाने, कोर्लईसकट.

हा कोट, ज्याला आगरकोट म्हणतात, म्हणजे फक्त सैनिकांची गढी समजू नका. तटाच्या आत एक अख्खं शहर होतं: मोठं चर्च, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा पंथांचे मठ, जेझुइटांचं घर, रुग्णालय, व्यापाऱ्यांचे वाडे. सातखणी मनोरा, जो तुम्ही पाहिला, तो फ्रान्सिस्कन चर्चचा घंटामनोरा. लोक त्याला बुरूज म्हणतात. वरचे खण पडलेत. आत चढायचा मोह टाळा. खाली उभं राहून एकेका मजल्याच्या खिडक्या मोजल्या तरी उंचीचा अंदाज येतो. समुद्रातून येणाऱ्या जहाजाला तो लांबून दिसायचा. आता त्याच्याभोवती माड इतके वाढलेत की जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही.

बाकीचं शहर वाड्यांत गेलंय, आणि वाडी म्हणजे काय हे नीट न पाहिल्यामुळेच तुमच्या हाती काही लागलं नाही. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या अष्टागरातली वाडी तीन मजल्यांची असते. वर नारळ, मधे पोफळ, खाली केळ, पानवेल, मधूनच जायफळ. विहिरीचं पाणी पाटांनी झाडाच्या आळ्यापर्यंत जातं. पूर्वी रहाट होते, आता पंप. जिथे चर्चच्या भिंती होत्या तिथे त्या भिंतीच वाडीच्या कुंपणाच्या झाल्या. एका वाडीतल्या काकूंनी मला त्यांच्या विहिरीमागची कमान दाखवली होती. कमानीच्या दगडांवर कोरलेली वेलबुट्टी, आणि तिच्याच आधाराने वर गेलेली खरी पानवेल. ‘सासूबाईंच्या आधीपासून इथेच लावतो. भिंतीला गारवा असतो, पान कोवळं राहतं,’ असं त्या म्हणाल्या. पाचशे वर्षांच्या भिंतीचा असा रोजचा उपयोग पाहून मला फार बरं वाटलं होतं. या सगळ्या वाड्या खाजगी आहेत. फाटकाशी हाक मारा, विचारा, मगच आत जा. पोफळीखालचं काही उचलू नका. लोक आपणहून हिंडवून दाखवतात.

मग एवढं शहर ओस का पडलं? मराठ्यांनी जिंकलं म्हणून, असं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळेल. मला ते अपुरं वाटतं. उतरण त्याच्या पुष्कळ आधी सुरू झाली. कुंडलिका डोंगरातून गाळ आणते आणि तो खाडीच्या तोंडाशी बसतो. लहान गलबतांना फरक पडत नाही, पण जहाजं मोठी होत गेली तसं पाणी कमी पडू लागलं. त्यात १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात आलं. मुंबईचं बंदर खोल, बारमाही आडोशाचं, आणि तिथे कंपनीने कारागिरांना बोलावून वसवायला सुरुवात केली. चौलचं रेशीम तेव्हा नावाजलेलं होतं. ते विणणारी घरं सतराव्या शतकातच मुंबईकडे सरकू लागली. माग गेले, त्यामागून सावकार गेले, मग जहाजं. १७४० मध्ये झेंडा बदलला तेव्हा बंदर आधीच निम्मं रिकामं होतं. खाडीकाठी ओहोटीला उभे राहाल तेव्हा उघडा पडलेला गाळ नीट पाहा. तुमच्या ‘गेलं कुठे’चं निम्मं उत्तर तिथे पसरलेलं असतं.

आता वेळेचं. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. मुलीला हे गणित घालाच. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पुळणीवर उतरण्याआधी एखाद्या कोळीदादाला विचारून घ्या. तुम्हाला सकाळी ओहोटी हवी, कारण तेव्हा समुद्राच्या बाजूने तटाच्या पायथ्याशी चालता येतं. भरतीत काही ठिकाणी लाटा थेट तटाला लागतात आणि वाट राहत नाही. म्हणून मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी ते षष्ठी हे दिवस मी सुचवेन. अष्टमीला येऊ नका. त्या वेळी भांगाचं पाणी असतं, ते फार मागे हटत नाही.

पौर्णिमेचा मुद्दा वेगळा. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती, आणि चौलच्या दत्ताच्या डोंगरावर तेव्हापासून पाच दिवस मोठी जत्रा भरते. जत्रा पाहण्यासारखी आहे: मिठाई, खेळणी, घोंगड्या, भांडी, सगळ्या तालुक्याची गर्दी. पण रस्ते अडतात, आणि दत्ताला पायऱ्याही बऱ्याच आहेत. आईवडिलांचे गुडघे कसे आहेत ते तुम्हीच जाणता.

पहिल्या दिवशी सकाळी खाडी आणि तटाची बाहेरची फेरी, ऊन चढल्यावर तटाच्या आत वाड्या आणि चर्चचे अवशेष, जेवून आराम, आणि चार वाजता वरच्या चौलला रामेश्वराचं मंदिर. मंदिरासमोर पुष्करणी, दीपमाळ, आणि मंदिरात पर्जन्य, वायू व अग्नी अशी तीन झाकलेली कुंडं. पाऊस ओढला तर पर्जन्यकुंड उघडायचं, अशी गावाची श्रद्धा. आईवडिलांना इथे बसवा आणि घाई करू नका. संध्याकाळी पुष्करणीच्या काठावर जी शांतता असते तिच्यासाठी मी स्वतः परत परत जातो. चालणारी माणसं असतील तर हिंगळाजदेवीच्या टेकडीवर चढा. तिथे जुनी लहान लेणी आहेत. देवीचं मूळ ठाणं बलुचिस्तानच्या किनाऱ्याजवळ, आणि तिचं नाव इथल्या टेकडीवर. माणसं समुद्रावरून येताना देवही बरोबर आणतात. बेने इस्राएल लोकांचंही तसंच. त्यांचे पूर्वज अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. रेवदंड्यात त्यांचं सिनेगॉग आहे. बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. राहिलेले, आणि गेलेल्यांतलेही पुष्कळ जण, मराठी बोलतात.

जाता-येता अक्षीचा शिलालेखही पाहून घ्या. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो धरला जातो, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा म्हणून. तो आता अलिबागमध्ये हलवून ठेवलाय.

दुसरा दिवस पूर्ण कोर्लईला द्या. साळावच्या पुलावरून पलीकडे गेलं की दहा-पंधरा मिनिटांत गाव येतं. गावातून दीपगृहापर्यंत गाडी जाते. तिथून वर किल्ल्यात पायऱ्या आहेत, आईवडिलांना दीपगृहापाशी थांबता येईल. निजामशाहाने १५९४ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला, म्हणजे रेवदंडा थेट तोफेच्या टप्प्यात आलं. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी तो हल्ला करून घेतला. वर पोहोचलात की उत्तरेला खाडीचं तोंड, त्यापलीकडे माडांच्या दाटीत बुडालेलं रेवदंडा, पूर्वेला गाळाने भरलेली खाडी. काल जे तुकड्यातुकड्यांनी पाहिलं ते इथे एका नजरेत येतं. म्हणूनच कोर्लई मी नेहमी शेवटी ठेवतो.

कोर्लई गावाबद्दल एक विनंती. इथली ख्रिस्ती वस्ती घरात पोर्तुगीजपासून झालेली एक बोली बोलते. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. १७४० नंतर पोर्तुगालशी संबंध तुटला आणि आजूबाजूला सगळी मराठी, तरी ही बोली पावणेतीनशे वर्षं टिकली. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्य मराठीच्या वळणाने जातं, क्रियापद शेवटी. कानावर पडली तर शांतपणे ऐका. पण ‘जरा बोलून दाखवा’ म्हणत कुणाच्या दारात मोबाइल धरून उभे राहू नका. पर्यटकांच्या या सवयीचा तिथल्या लोकांना त्रास होतो, आणि ते मला लाजत लाजत सांगतात.

जेवणाचं थोडक्यात. जिताडा मासा मिळाला तर सोडू नका, खाडीतला असेल तर उत्तम. थंडीत वालाच्या शेंगा तयार झाल्या की भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजलेली पोपटी. घरगुती राहण्याची सोय केलीत तर आधी सांगून ठेवा, मडकं लावायला वेळ लागतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा मात्र डिसेंबरात मिळणार नाहीत. नवा कांदा येतो फेब्रुवारीच्या पुढे.

मुंबईहून येणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गाडीसकट या. आईवडिलांची घाटातली आणि महामार्गावरची दगदग वाचेल, आणि मुलगी चौलला समुद्रावरून येईल, जसे सगळे येत होते. मांडव्यापासून पुढे अलिबाग आणि तिथून रेवदंडा सुमारे सतरा-अठरा किलोमीटर. नागाव सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या दाटत जातात. तिथे काच खाली घ्या. पोफळीच्या फुलांचा वास येतो.